रजिस्टर पोस्टाने आलेलं क्रियापद

आधी हे सांगून टाकते की आमच्या घरात कोणाचंच कोणाशी भांडण नव्हतं. हे मी मुद्दाम पहिल्याच ओळीत टाइप करतेय, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की आतून काहीतरी असणारच. आम्हालाही तसंच वाटलं. म्हणूनच तर एवढा घोळ झाला.

आम्ही सातपूरला राहतो. पप्पा कंपनीत आहेत, काका गावाला. गाव दिंडोरीच्या पुढे. जमीन आजोबांची, दोघा भावांच्या नावावर एकत्र. वाटणी कधी झाली नाही, कारण कोणी मागितलीच नाही. काका द्राक्षं करतो, पप्पा शिफ्ट करतात, आणि वर्षातून कितीतरी वेळा काकाची पिकअप आमच्या बिल्डिंगखाली उभी राहते. गहू, कांदे, मेथीच्या जुड्या, सीझनला द्राक्षाचे क्रेट. वॉचमन काकाला आमच्यापेक्षा जास्त ओळखतो.

मी लॉ करतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे लॅटिन म्हणजे मॅक्झिम्स. चार शब्दांची वाक्यं, सगळे रट्टा मारतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. मला मात्र एक किडा चावला. म्हटलं, हे शब्द वाक्यात नसताना, एकटे असताना, कसे दिसतात? मग एक ॲप घेतलं, मग व्हिडिओ बघायला लागले, मग क्रियापदांचे तक्ते. सकाळी कपडे वाळत घालताना मी पाढ्यांसारखी क्रियापदं म्हणायला लागले. एवढी मजा यायची की सांगता सोय नाही.

मम्मीला त्यात मजा दिसली नाही. गॅलरीत पोरगी हळू आवाजात काहीतरी म्हणते आणि आपण आलो की थांबते, एवढंच तिला दिसलं. मी थांबायचे कारण लाज वाटायची. तिने थेट मला विचारलं नाही. तिने माझ्या चुलत बहिणीला फोन करून विचारलं, की हिचं कोणाशी काही चाललंय का, कारण हल्ली ही कोडवर्डमध्ये बोलते. चुलत बहीण म्हणजे काकाची मुलगी, माझ्याच वयाची, गावातून दिंडोरीला कॉलेजला जाते. ती हसून हसून मेली आणि तिने मला लगेच सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं. तेव्हा आमचं असं होतं. तिला काही कळलं की पुढच्या मिनिटाला मला कळायचं. मला जांभई आली तरी मी तिला टाइप करायचे.

ज्या क्रियापदाबद्दल लिहायचंय ते याच दिवसांत माझ्या तक्त्यात आलं होतं. कावेओ. म्हणजे मी सावध राहते. किंवा राहतो, लॅटिनमध्ये क्रियापदाला बाई-पुरुष काही कळत नाही, सगळ्यांना एकच. कावेओ, कावेस, कावेत. मी सावध, तू सावध, तो सावध. कावेमुस, कावेतिस, कावेन्त. आम्ही, तुम्ही, ते. जुन्या रोमन शहरातल्या एका घराच्या उंबऱ्याशी लहान लहान दगड बसवून कुत्रा काढलाय आणि खाली याच क्रियापदाचा हुकूम लिहिलाय, कुत्र्यापासून सावध. आमच्या मागच्या लेनमधल्या बंगल्याच्या गेटवर अगदी तीच पाटी आहे. आणि आपल्या शाळेतला विध्यर्थ आठवतो ना, यावं, जावं, करावं? तसाच यांच्याकडेही आहे. कावेओचा विध्यर्थ लावला की तिसऱ्या माणसाला होतं कावेआत. त्याने सावध राहावं. इंग्रजांनी तोच शब्द उचलला, आणि आपल्या दिवाणी कोर्टात त्याचं झालं कॅव्हेट.

मला हे कळलं तेव्हा मी गॅलरीत अक्षरशः उडी मारली होती. ज्या शब्दाचा अर्ज आमच्या सीबीएस बसस्टँडसमोरच्या कोर्टात रोज दाखल होतो, तो मुळात अर्ज नाहीच, क्रियापद आहे. मी चुलत बहिणीला त्यावर भलीमोठी व्हॉइस नोट पाठवली. तिने उत्तर दिलं, "बरं. जेवलीस का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोस्टमन आला. मी कॉलेजला होते. मम्मीने सही करून पाकीट घेतलं, फोडलं, आणि मला फोन केला. आवाज असा, की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"तुझ्या काकाने आपल्यावर केस टाकली."

मी पुढचं लेक्चर सोडून घरी आले. कागद वाचला. केस नव्हती. कॅव्हेटची नोटीस होती.

जे वकील नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगते. समजा मला भीती आहे की तुम्ही माझ्याविरुद्ध कोर्टात जाल आणि मला न सांगता माझं काम थांबवायची ऑर्डर आणाल. तर मी आधीच कोर्टात जाऊन सांगून ठेवते की बाबा, हा माणूस आला तर मला बोलवा, माझं ऐकल्याशिवाय काही देऊ नका. हे झालं कॅव्हेट. तीन महिने चालतं, मग आपोआप संपतं. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला तशी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. म्हणजे कायदाच सांगतो की तुझा ज्याच्यावर संशय आहे, त्याला तो रीतसर कळव.

मी हे सगळं मम्मीला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आपण त्याच्यावर केस करणार आहोत असं त्याला वाटतंय?"

मी हो म्हटलं.

"आपण करणार आहोत का?"

हे तिने इतकं मनापासून विचारलं, की एक सेकंद मलाही वाटलं, पप्पांनी मला न सांगता काही ठरवलंय की काय.

पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. हातपाय धुतले, चहा घेतला, मग मम्मीने कागद समोर ठेवला. त्यांनी वरचा मजकूर वाचलाच नाही. सरळ शेवटच्या पानावर गेले आणि सही बघत बसले. काका सही करतो म्हणजे पूर्ण नाव लिहितो, शाळेत लिहायचा तसं, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ. पप्पा म्हणाले, त्याचीच आहे. आणि बाहेर जाऊन गॅलरीत उभे राहिले.

पप्पांना भाऊ हा एकच. बहीण नाही, आजी-आजोबा गेले. गावाशी त्यांचं जे काही आहे ते काकाच्या दारातून आत जातं. हे मला त्या संध्याकाळी त्यांच्या पाठीकडे बघून कळलं. जमीन जाईल याची त्यांना भीती नव्हती. भाऊ गेला की काय, याची होती.

आणि मी काय केलं, तर ज्ञान पाजळलं. मी म्हटलं, कॅव्हेट उगाच कोणी टाकत नाही. माणूस स्वतः काहीतरी करायच्या बेतात असतो, समोरच्याने ते अडवू नये म्हणून टाकतो. हे मला इंटर्नशिपला ज्या वकिलांकडे जाते त्या सरांनी शिकवलेलं. कायद्याने बरोबरच आहे. पण हे वाक्य आमच्या हॉलमध्ये पडलं आणि घराचं पोलीस स्टेशन झालं.

काका काय करायच्या बेतात असेल? विकायच्या? गहाण टाकायच्या? प्लॉट पाडायच्या? मम्मी म्हणाली, मागच्या वेळी तो पिकअप घेऊन आला तेव्हा बसला नाही, लगेच गेला. मी म्हटलं, तेव्हा पाऊस होता. ती म्हणाली, पाऊस आम्हालाही होता. मग तिने काकूचं बोलणं उकरलं, मागच्या लग्नात काकू पप्पांना म्हणाली होती, तुम्ही काय आता शहरातलेच. तेव्हा सगळे हसले होते. आता ते वाक्य पुरावा झालं.

मी चुलत बहिणीचे स्टेटस तपासायला लागले. खरं तर मी ते रोजच बघायचे, पण आता तपासत होते, फरक आहे. एका व्हिडिओत ती नवीन ड्रेस दाखवत होती आणि मागे, बागेच्या पलीकडे, काहीतरी पिवळं हलत होतं. मी थांबवून मोठं केलं. जेसीबी. मम्मीने माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, हा तर रस्त्याकडचा कोपरा.

रस्त्याकडच्या कोपऱ्याचं असं आहे, की पप्पा रिटायर झाल्यावर तिथे दोन खोल्या बांधणार आहेत. पुढे ओटा, मागे मम्मीची भाजी. हे मी लहानपणापासून ऐकतेय. रविवारी मिसळ खाताना, सोसायटीत पाणी आलं नाही की, कंपनीत कोणाशी वाजलं की, पप्पा त्या दोन खोल्यांत जाऊन बसतात. आणि तिथेच जेसीबी चालला होता.

मी बहिणीला टाइप केलं, काय चाललंय. तिचं उत्तर आलं, काही नाही, तुमचं? मी लिहिलं, काही नाही. मग वर "टायपिंग" दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं. मीसुद्धा तेच करत होते. मी काहीतरी लिहायचे, वाटायचं हे उद्या स्क्रीनशॉट म्हणून वकिलाकडे जाईल, पुसायचे. ज्या मुलीला मी जांभया कळवायचे तिला मी आता "हम्म" लिहिताना दोनदा विचार करत होते. कावेओ, मी. कावेस, तू, तिकडे, फोन हातात धरून. कावेत, आमचे पप्पा, नाही, पप्पा नाही, मम्मी. तक्ता पाठ करताना ही नुसती शेपटं वाटायची. आता प्रत्येक शेपटाला घरातलं कोणीतरी लटकलेलं होतं.

इंटर्नशिपच्या सरांना मी दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, काउंटर टाका. तुमचं पण कॅव्हेट. तुझ्या वडिलांच्या नावाने तूच ड्राफ्ट कर, शिकशील. आणि जेसीबी थांबवायचा असेल तर स्टेचा अर्ज, पण तो लवकर, खड्डा पूर्ण व्हायच्या आत. त्यांच्यासाठी हे रोजचं होतं. बोलता बोलता त्यांनी वडापावचा कागद चुरगाळून डब्यात टाकला.

मी ड्राफ्ट केला. आयुष्यातला पहिला. खोटं कशाला बोलू, करताना भारी वाटलं. परिच्छेद, मार्जिन, विनंती कलम. प्रिंट काढली तेव्हा मात्र पहिल्या पानावर पप्पांचं नाव वर आणि काकाचं नाव खाली, मधे "विरुद्ध". आडनाव एकच. तरी मी ते घरी नेलं आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून पप्पांना दिलं.

ते म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, उद्या. कागद टीव्हीच्या खाली गेला. मम्मी रोज तो काढून डायनिंग टेबलवर ठेवायची, पप्पा रोज जेवायला बसताना तो उचलून परत टीव्हीखाली ठेवायचे.

एकदा मला राहवलं नाही. मला वाचताना सापडलं होतं की हे क्रियापद दोन प्रकारे वापरतात. पुढचं नाम एका विभक्तीत घातलं तर त्या माणसापासून सावध राहा. दुसऱ्या विभक्तीत घातलं तर त्या माणसासाठी सावध राहा, म्हणजे त्याची काळजी घे. मला वाटलं हे ऐकून पप्पांना बरं वाटेल. मी सांगितलं. त्यांनी शर्टाची बटणं लावता लावता विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या भाषेतही नक्की काय ते कळत नाही." आणि कंपनीत गेले.

शेवटी तोंड बहिणीने उघडलं. शनिवारी दुपारी "टायपिंग" दिसलं आणि या वेळी गेलं नाही.

तिने लिहिलं होतं, "मोठे पप्पा गावात आले होते ना? उतारा काढला आणि तसेच गेले. आमच्या दारावरून. एवढं काय केलं होतं आम्ही?"

मोठे पप्पा म्हणजे माझे पप्पा. मला काही माहीतच नव्हतं. मी फोन घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले. ते गॅलरीत दाढी करत होते. विचारलं, तुम्ही गावाला जाऊन आलात?

त्यांनी सहज सांगितलं. शेतकऱ्याचा तो नवीन ओळख नंबर काढायचाय ना, सगळ्यांनाच काढायला सांगितलाय, त्याला सातबारा लागला. मोबाइलवर निघेना, म्हणून सकाळी गाडी काढून तलाठ्याकडे गेले, उतारा घेतला, सेकंड शिफ्ट होती म्हणून तसेच मागे फिरले.

"काकाकडे गेला नाहीत?"

"वेळच नव्हता. दारावरून..." आणि ते थांबले. अर्ध्या गालाला फेस तसाच. "दारावरूनच तर गेलो."

शहरातल्या वाचकांना हे कितपत कळेल माहीत नाही. आमच्या गावात बाहेरून आलेला माणूस भावाच्या घरी टेकल्याशिवाय जात नाही. टेकायचं म्हणजे चपला काढून बसायलाच हवं असंही नाही. गाडीवरूनच हाक मारली, उभ्या उभ्या पाणी प्यायलं तरी चालतं. पण काहीच न करता दारावरून गेलं, आणि तेही तलाठ्याकडून उतारा घेऊन, तर त्याचा अर्थ गावात एकच होतो. हा कोर्टात चाललाय. कोणाला विचारायचीसुद्धा गरज नसते. पप्पा त्याच गावात वाढलेत. एवढी वर्षं शिफ्टमध्ये राहून त्यांच्या डोक्यातून ते निघूनच गेलं होतं.

त्यांनी गाल धुतला. म्हणाले, उद्या जाऊ.

मम्मी म्हणाली, मी येणार नाही. जेसीबीचं काय ते आधी विचारा. आणि मला आत बोलावून हळूच म्हणाली, तिथे बोलणं चालू झालं की फोनवर रेकॉर्डिंग लाव. मी नोटीस, ड्राफ्ट आणि दोन पेनं सॅकमध्ये भरली. ड्राफ्ट का घेतला ते मलाही सांगता येणार नाही. पप्पांवर माझा विश्वास होता, काकावर अर्धा होता.

रविवारी सकाळी आम्ही गाडीवर निघालो. मी मागे बसून उजळणी करत होते, लॅटिनची नाही, प्रश्नांची. काम कधी सुरू केलं, कोणाला विचारून, किती खोल. घराशी आलो तर दार उघडं, आत कोणी नाही. मागून इंजिनचा आवाज. आम्ही बागेच्या कडेने चालत गेलो.

खड्डा मोठा होता. रस्त्याकडचा कोपरा जवळजवळ संपलाच होता. काका कडेला उभा राहून ड्रायव्हरला हातवारे करत होता. अंगात पप्पांच्या कंपनीचा जुना शर्ट, फवारणीला घालतो तो, खिशावर कंपनीचं नाव. आम्हाला बघून त्याने हात खाली घेतले. ड्रायव्हरने मशीन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की मी खिशात फोनवर अंगठा ठेवला होता तो तसाच राहिला.

काका म्हणाला, "आलास."

"आलो."

"नोटीस भेटली?"

"भेटली."

काका म्हणाला, "तुझी नाय आली. वकील म्हणला व्हता, समोरून बी येती. म्या रोज पोस्टमनला इचारतो. आता तर त्योच लांबून मान हलवतो. काहीच येईना म्हणल्यावर मला वाटलं, ह्यो डायरेक स्टेच आणतो."

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "लिहून तयार आहे. हिने लिहिलीय."

मला खड्ड्यात उडी मारावीशी वाटली. काकाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. तर म्हणाला, "तू लिवली? कोणी सांगितलं नाय, तुझी तूच?" मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही नीट ओळखता येत नाही. राग होता, पण त्यात कौतुकही होतं, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

मग त्याने विचारलं, उतारा कशाला काढला. पप्पांनी सांगितलं. काका म्हणाला, ते तर म्या इथून काढून दिलं नसतं का. पप्पा म्हणाले, तुला सीझनमध्ये त्रास नको म्हणून. दोघेही खड्ड्याकडे बघूनच बोलत होते.

"गाडी वळताना हिनं पाह्यली," काका म्हणाला. हिनं म्हणजे काकूने. "मोठे आले म्हणली, आन चहा टाकला. गाडी गेली निघून. दोन कप झाला व्हता. म्याच पिलो दोन्ही."

पप्पांनी मान खाली घातली आणि चपलेने एक ढेकूळ फोडलं. मग दुसरं फोडलं. मग वर बघून म्हणाले, "आणि हे? हे मला सांगितलंस?"

"शेततळं हाय. बागेला पाणी पुरंना. त्याच दिवशी सांगणार व्हतो. तू आलाच नाय."

"मी इथे दोन खोल्या बांधणार होतो."

"कधी म्हणलास?"

"तुला नाही म्हणलो."

हे ऐकून मला धक्काच बसला. मी लहानपणापासून ज्या खोल्यांत राहून आलेय, तो ओटा, ती भाजी, त्यातलं अक्षरसुद्धा काकाला माहीत नव्हतं. पप्पांनी ते सातपूरला सगळ्यांना सांगितलं होतं, कंपनीतल्या लोकांनाही. फक्त ज्याला सांगायचं त्याला सोडून.

काकाने ड्रायव्हरला हात केला, म्हणजे तू जा, जेवून ये. ड्रायव्हर गेला. काका म्हणाला, तुझा कोपरा असंल तर बुजवतो. तो खरंच म्हणत होता का, मला माहीत नाही. मी मम्मीची मुलगी आहे, मला वाटलं, एवढा खोल खोदून झाल्यावर बुजवतो म्हणणं सोपं आहे. पप्पांनी मात्र त्याकडे लक्षच दिलं नाही. ते कडेकडेने चालत गेले, बागेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, विचारलं, पाणी इकडेच उतरतं का सगळं? काका म्हणाला, सगळं इकडंच. दुसरीकडं टाकलं तर मोटारीने चढवाया लागंल.

"मग खोद," पप्पा म्हणाले. "खोल्यांचं बघू."

मला वाटलं संपलं. मी पुढे होऊन माझ्या मते फार शहाणपणाचं बोलले. म्हटलं, काका, मग आता कॅव्हेट मागे घे ना, एक अर्ज दिला की झालं.

काकाने थोडा विचार केला. "नाय. राहू दे."

माझा चेहरा पडला. पप्पांचाही पडला, मी पाहिलं. काका घाईने म्हणाला, "तसं नाय दादा. गावात समद्यांना कळलंय, धाकट्यानं थोरल्याला नोटीस धाडली. पोस्टातून कळलं. आता मी मागं घेतली तर म्हणतील थोरल्यानं दम दिला. नाय घेतली तर म्या चोर. तू बी धाड. तुझी बी आली म्हणजे बरोबरी झाली, मंग कोणाला बोलाया जागा नाय."

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. त्यात काही डाव आहे का हे ते शोधत होते, मीही शोधत होते. सरांनी हे कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं. ज्याच्यावर संशय आहे तोच म्हणतोय, तूही माझ्यावर संशय घे, नाहीतर मी एकटा पडतो.

"तयार हाय म्हणला ना?" काकाने मला विचारलं.

मी सॅक उघडली. पप्पांनी कागद घेतला, जेसीबीच्या चाकावर ठेवला, तर चाक मातीने भरलेलं. काकाने शर्टाच्या बाहीने ते पुसलं. पप्पांनी माझ्या फुलीवर सही केली आणि कागद काकापुढे धरला.

काका एक पाऊल मागे सरकला. "हातात नको. हातात दिल्याचं कोण मानतंय. रजिस्टरनं धाड."

मग आम्ही घरी गेलो, बसलो, जेवलो. बहीण आणि मी आधी दहावीच्या परीक्षेला बसल्यासारख्या शेजारी शेजारी गप्प बसलो, मग तिने मला कोपराने ढोसलं, मग सगळं ठीक झालं. जवळजवळ. अजूनही कधीकधी ती टाइप करता करता थांबली की मला प्रश्न पडतो.

मम्मीला घरी आल्यावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, रेकॉर्डिंग कुठेय? मी नाही केलं म्हटल्यावर म्हणाली, बघ, आता म्हणेल मी बुजवतो म्हटलंच नव्हतं. आणि दोन खोल्या कुठे बांधायच्या यावर पप्पांशी दोन दिवस बोलली नाही. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही.

सोमवारी मी सरांकडून कोर्टात अर्ज दाखल करून घेतला आणि पप्पांबरोबर पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी पाकिटावरची दोन्ही नावं वाचली, आडनावं बघितली, एकदा पप्पांकडे बघितलं आणि शिक्का मारला. पावती खिशात घालून पप्पा बाहेर आले, गाडीला टेकले आणि त्यांनी काकाला फोन लावला.

"टाकलीय," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत येईल. बागेत जाऊ नकोस त्या दिवशी, घरीच थांब. सही तूच कर."

पलीकडून काका बराच वेळ काहीतरी सांगत होता, पप्पा ऐकत होते. मी फोनजवळ कान नेला, पण ट्रॅफिकमध्ये ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? पप्पांनी किक मारली आणि म्हणाले, पाण्याचं काहीतरी.

मला नाही वाटत ते पाण्याचं होतं.